सॉफ्टवेअर आपले, मॅन्युअल मात्र कुलपात: नाशिकच्या उद्योजकांसाठी मार्गदर्शन

अंबड, सातपूर किंवा सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील मध्यम आकाराच्या कारखान्यात आज अनेक प्रकारची सॉफ्टवेअर एकाच वेळी चालू असतात: हिशेबाचे, ईआरपीचे (खरेदी, साठा, उत्पादन यांची एकत्रित नोंद ठेवणारे), हजेरीचे, डिझाइनचे, ई-इन्व्हॉइस पाठवणारे आणि मशीन चालवणाऱ्या पीएलसी या नियंत्रकात प्रोग्रॅम टाकण्याचे. यांपैकी एखादे रात्रपाळीत अडते, पडद्यावर एरर कोड येतो, मेंटेनन्सचा माणूस तो कोड मोबाइलवर शोधतो आणि उत्पादकाच्याच संकेतस्थळावरचे नेमके पान त्याला सापडते. अडचणीचे वर्णन तंतोतंत जुळते. उपायाच्या जागी मात्र ‘पुढील मजकुरासाठी लॉगिन करा’ अशी सूचना असते. ते लॉगिन डीलरच्या नावावर असते, डीलर पुण्यात असतो आणि त्याचा फोन सकाळी कार्यालय उघडल्याशिवाय लागत नाही.

याबद्दलचा संताप रास्त आहे, परंतु संतापाने पान उघडत नाही. माहितीपुस्तिका हा विकत घेतलेल्या मालाचाच भाग आहे असे धरून व्यवहार करावा लागतो, आणि ती मिळवण्याची खरी ताकद खरेदीदाराच्या हाती दोनच वेळा असते: पहिली पर्चेस ऑर्डर देताना आणि दरवर्षी एएमसीचे, म्हणजे वार्षिक देखभाल कराराचे, नूतनीकरण करताना. पुढील पायऱ्या याच दोन प्रसंगांभोवती रचल्या आहेत. ज्यांची खरेदी होऊन गेली आहे त्यांच्यासाठी वेगळा भाग आहे, तो त्यांनी आधी वाचण्यास हरकत नाही.

कुलूप कोणत्या प्रकारचे आहे ते आधी ओळखावे

सर्व बंदिस्त माहिती सारख्याच कारणाने बंद नसते, आणि प्रत्येक कुलपाची किल्ली वेगळी असते. काही कंपन्या केवळ नाव आणि ईमेल मागतात. तेथे नोंदणी केली की काम भागते. काही ठिकाणी लॉगिन ग्राहक क्रमांकाशी आणि चालू एएमसीशी बांधलेले असते, त्यामुळे एएमसी संपली की काल वाचलेले पान आज दिसत नाही. तिसऱ्या प्रकारात पुस्तिका केवळ डीलर आणि अधिकृत भागीदारांसाठी असतात व ग्राहकाला त्यांच्या अस्तित्वाचाही पत्ता नसतो. चौथ्या प्रकारात पुस्तिका ग्राहकाला मिळते, पण तिच्या प्रत्येक पानावर ‘गोपनीय’ असा शिक्का असतो आणि ती बाहेरच्या सल्लागाराला दाखवणे हा कराराचा भंग ठरतो. आणि पाचवा प्रकार, जो सर्वांत फसवा आहे: माहिती सर्वांना खुली असते, पण फक्त ताज्या आवृत्तीची. तुमच्या कारखान्यात चालणाऱ्या सहा वर्षे जुन्या आवृत्तीची पाने काढून टाकलेली असतात.

मोठ्या कंपन्यांमध्येही हा भेद दिसतो. ईआरपी बनवणाऱ्या सॅपचे हेल्प पोर्टल कोणालाही वाचता येते, परंतु नेमक्या दोषांवरील उपाय ज्यात असतात त्या ‘नोट्स’ पाहण्यासाठी ग्राहकाचे लॉगिन लागते. लिनक्स पुरवणाऱ्या रेड हॅटची उत्पादन-पुस्तिका खुली आहे. ज्ञानकोशातील अनेक लेखांत मात्र अडचण सर्वांना दिसते आणि उपाय सदस्यांनाच. याउलट पोस्टग्रेस्क्यूएल या डेटाबेसच्या संकेतस्थळावर सपोर्ट संपलेल्या जुन्या आवृत्त्यांच्या पुस्तिकाही ठेवलेल्या आहेत, टॅलीची मदत-पाने लॉगिनशिवाय वाचता येतात आणि सीमेन्सच्या औद्योगिक सपोर्ट संकेतस्थळावरून बहुतेक पुस्तिका उतरवून घेता येतात. म्हणजे खुले ठेवूनही धंदा चालतो, हे सिद्ध करण्याची गरज उरलेली नाही.

कंपन्यांची बाजूही थोडक्यात पाहू. प्रतिस्पर्धी नक्कल करतील, बेकायदा प्रती वापरणाऱ्यांना आयती मदत मिळेल, सुरक्षेला धोका होईल, अशी कारणे दिली जातात. नुकत्याच सापडलेल्या सुरक्षा-दोषाचा तपशील दुरुस्ती येईपर्यंत मर्यादित ठेवणे समजण्यासारखे आहे. परंतु बॅकअप कसा घ्यावा, सर्व्हर बदलताना काय करावे, अमुक एरर कोडचा अर्थ काय, यांत लपवण्याजोगे काही नसते. तेथे सुरक्षेपेक्षा सपोर्टचे आणि प्रशिक्षणाचे उत्पन्न हेच कारण बहुधा खरे असते.

खरेदीपूर्वीची तपासणी

डेमोच्या वेळी विक्रेता पडद्यावर सुंदर अहवाल दाखवतो. त्याच बैठकीत त्याला पुस्तिका दाखवण्यास सांगावे. ब्रोशर किंवा सादरीकरण यांवर समाधान मानू नये. आपल्याला सात गोष्टींची कागदपत्रे हवी असतात: इन्स्टॉलेशन, प्रशासकाची कामे, बॅकअप आणि पुनर्स्थापना, आवृत्ती बदलण्याची पद्धत, एरर कोडची यादी, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडण्याचे एपीआय आणि आपला सर्व डेटा बाहेर काढण्याची रीत. शेवटच्या दोन गोष्टींबद्दल विक्रेता सर्वाधिक टाळाटाळ करतो आणि पुढे सर्वाधिक खर्च त्याच दोन ठिकाणी होतो.

त्यानंतर एक साधी चाचणी घ्यावी. कारखान्याचे नेटवर्क आणि कोणतेही लॉगिन न वापरता, स्वतःच्या मोबाइलवरून त्या सॉफ्टवेअरचा एखादा नेहमीचा एरर संदेश शोधावा. उत्पादकाचे पान मिळाले, केवळ लॉगिनची खिडकी मिळाली की काहीच मिळाले नाही, हे लिहून ठेवावे. दोन विक्रेत्यांची तुलना करताना किमतीच्या रकान्याशेजारी हा रकाना असावा.

विक्रेत्याला विचारण्याचा सर्वांत उपयुक्त प्रश्न असा: ‘आम्ही पुढील वर्षी एएमसी घेतली नाही, तर आज दिसणारी कोणती पाने आम्हाला दिसणार नाहीत?’ याचे उत्तर तोंडी न घेता ईमेलवर घ्यावे. त्याशिवाय तेच सॉफ्टवेअर वापरणाऱ्या शेजारच्या कारखान्याला विचारावे. नाशिकमध्ये हे अवघड नाही. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटनांमधून ओळखी निघतात, आणि अनेकदा शेजारच्याच गाळ्यात त्याच डीलरचा ग्राहक असतो. विक्रेत्याने स्वतः दिलेल्या संदर्भग्राहकापेक्षा असा शोधून काढलेला ग्राहक अधिक मोकळेपणाने बोलतो.

पर्चेस ऑर्डरमधील कलम

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असूनही तिच्यावर सर्वांत कमी वेळ खर्च होतो. बहुतेक ऑर्डरींत ‘सॉफ्टवेअर, इन्स्टॉलेशन आणि प्रशिक्षणासह’ एवढीच ओळ असते. पुस्तिकेचा उल्लेख नसल्याने ती देण्याचे बंधन कोणावरच येत नाही. ऑर्डर बहुधा इंग्रजीत निघते, परंतु कलमाचा आशय पुढीलप्रमाणे असावा:

‘पुरवठादाराने पुरवलेल्या आवृत्तीची इन्स्टॉलेशन, प्रशासन, बॅकअप, एरर कोड आणि एपीआय यांविषयीची संपूर्ण माहितीपुस्तिका शोधता येण्याजोग्या पीडीएफ स्वरूपात द्यावी. खरेदीदारास ती अंतर्गत वापरासाठी साठवण्याचा, छापण्याचा आणि गोपनीयतेच्या लेखी हमीवर आपल्या सल्लागारास दाखवण्याचा कायमस्वरूपी हक्क राहील. सपोर्ट करार संपल्याने हा हक्क संपणार नाही. आवृत्ती बदलल्यास नव्या आवृत्तीची पुस्तिका त्याच वेळी द्यावी. पुस्तिका मिळाल्याची पोच हा अंतिम हप्त्याच्या देयकाचा भाग राहील.’

यातील शेवटचे वाक्य सर्वांत प्रभावी आहे. दहा टक्के रक्कम पुस्तिकेच्या पोचेवर रोखून ठेवली, तर ‘हेड ऑफिसला विचारून सांगतो’ हे उत्तर फार दिवस टिकत नाही. पूर्ण पैसे दिल्यानंतर मात्र तेच उत्तर वर्षभर ऐकावे लागते.

येथे दोन खाचखळगे आहेत. पहिला असा, की डीलर कलमावर सही करतो, पण पुस्तिकेचा स्वामित्वहक्क मूळ कंपनीकडे असतो आणि ती देण्याचा अधिकार डीलरला नसतोच. म्हणून मूळ कंपनीचे पत्र किंवा निदान तिच्या अधिकृत ईमेलवरून आलेली संमती मागावी. दुसरा असा, की इन्स्टॉलेशनच्या वेळी इंजिनिअर पडद्यावरील ‘मला मान्य आहे’ हे बटण दाबतो, आणि त्या परवाना-करारात बहुधा असे लिहिलेले असते की आधीच्या सर्व बोलण्यांपेक्षा व कागदांपेक्षा हाच करार अंतिम राहील. त्यामुळे ऑर्डरमध्येच नमूद करावे की दोहोंत विसंगती आढळल्यास ऑर्डरमधील अटी ग्राह्य धरल्या जातील. मोठी रक्कम असेल तर हे कलम वकिलाला दाखवून घ्यावे. न्यायक्षेत्र म्हणून दूरच्या शहराचे नाव छापलेले असते, तेही त्याच वेळी पाहता येईल.

लॉगिन कोणाच्या नावावर

सपोर्ट पोर्टलवरचे खाते उघडण्याचे काम सोयीसाठी डीलरवर सोडले जाते आणि तो स्वतःचा ईमेल टाकून मोकळा होतो. काही ठिकाणी ते खाते आयटी पाहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या खासगी ईमेलवर असते आणि तो नोकरी सोडून गेल्यावर पासवर्डही त्याच्याबरोबर जातो. खाते नेहमी कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरील सामायिक ईमेलवर उघडावे, ओटीपीसाठी कंपनीच्या नावावरील सिमकार्ड वापरावे आणि पासवर्ड दोन जबाबदार व्यक्तींकडे असावा. ग्राहक क्रमांक, लायसन्स क्रमांक आणि एएमसीची अंतिम तारीख यांची नोंद मालमत्ता-रजिस्टरमध्ये मशीनच्या क्रमांकाशेजारीच करावी.

स्वतःची प्रत कशी ठेवावी

लॉगिन मिळाले म्हणजे माहिती मिळाली असे नव्हे. संकेतस्थळे बदलतात, कंपन्या विकल्या जातात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर ही कंपनी विकत घेतल्यानंतर तिचे सपोर्ट पोर्टल आणि पुढे पुस्तिकाही ब्रॉडकॉमच्या संकेतस्थळावर हलवण्यात आल्या. ज्यांनी फक्त जुने दुवे जपून ठेवले होते, त्यांना सर्व पत्ते नव्याने शोधावे लागले. म्हणून दुव्याऐवजी प्रत जपावी.

परंतु प्रत ठेवण्यापूर्वी कायद्याची मर्यादा समजून घेणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीररीत्या बाळगणाऱ्याला ते ज्या उद्देशाने पुरवले आहे त्यासाठी, तसेच नाश किंवा हानीपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत करण्याची मुभा आहे. पण ही मुभा संगणक-प्रोग्रॅमसाठी आहे. पुस्तिका ही स्वतंत्र साहित्यकृती असल्याने ते कलम तिला आपोआप लागू होते असे गृहीत धरू नये. वरील ऑर्डरच्या कलमात साठवण्याचा आणि छापण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मागितला आहे, त्याचे कारण हेच. तसेच संपूर्ण पोर्टल एका रात्रीत उतरवणारी साधने परवानगीशिवाय चालवू नयेत. पोर्टलच्या अटींत त्याला बहुधा मनाई असते आणि खाते गोठवले गेले तर उरलेली वाटही बंद होते.

परवानगी हाती असेल तर पुढील काम सरळ आहे. पीडीएफ उपलब्ध असेल तर ती घ्यावी. केवळ ऑनलाइन मदत असेल तर आवश्यक पाने ब्राउझरमधून पीडीएफ म्हणून जतन करावीत. दीर्घकाळ टिकवण्याच्या कागदपत्रांसाठी पीडीएफ/ए हे प्रमाणित स्वरूप आहे (आयएसओ १९००५). फाइलच्या नावात उत्पादन, आवृत्ती, विषय आणि उतरवल्याची तारीख असावी, कारण ‘मॅन्युअल फायनल नवीन’ या नावाची फाइल दोन वर्षांनी कोणालाच ओळखू येत नाही. फक्त प्रतिमा असलेल्या स्कॅन केलेल्या पुस्तिकेवर ओसीआर (प्रतिमेतील अक्षरे ओळखणारे साधन) चालवून ती शोधण्याजोगी करावी.

प्रत कोठे ठेवावी, हेही विचारपूर्वक ठरवावे. ज्या सर्व्हरची दुरुस्ती करायची त्याच सर्व्हरवर त्याची पुस्तिका असेल तर ती उपयोगाची नाही. एक प्रत वेगळ्या डिस्कवर, एक मेंटेनन्स विभागाच्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय उघडेल अशी, आणि मशीनच्या पॅनेलच्या दारामागे एरर कोडची छापील पाने, अशी व्यवस्था रात्रपाळीला पुरते.

ज्या कारखान्यांकडे आयएसओ ९००१ प्रमाणपत्र आहे, त्यांना या कामासाठी व्यवस्थापनाची मंजुरी मिळवणे सोपे जाते. त्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीतील ७.५.३ या कलमात, व्यवस्थेसाठी आवश्यक असलेली बाहेरून आलेली कागदपत्रे ओळखून नियंत्रित ठेवावीत असे स्पष्ट म्हटले आहे. विक्रेत्याची पुस्तिका त्यात सहज बसते, आणि ऑडिटपूर्वीच्या धावपळीत हे काम यादीत घालता येते.

खरेदी होऊन गेली असेल तर

आता ज्यांच्या हाती ना कलम आहे ना प्रत, त्यांच्याविषयी. पहिले काम पत्राचे. ‘आम्हाला सर्व डॉक्युमेंटेशन द्या’ अशी मोघम मागणी नाकारणे सोपे असते. नेमकी मागणी नाकारणे अवघड जाते. पत्रात लायसन्स क्रमांक, आवृत्ती, हवी असलेली दोन किंवा तीन नेमकी प्रकरणे आणि ती नसल्याने अडलेले काम एवढेच लिहावे. वैधानिक गरज असेल तर तिचा उल्लेख अवश्य करावा. उदाहरणार्थ, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा आणि बंद करता न येणारा ऑडिट ट्रेल असणे बंधनकारक आहे, आणि लेखापरीक्षकाला त्यावर अभिप्राय द्यावा लागतो. ही सोय नेमकी कोठे आहे आणि ती चालू असल्याचे कसे तपासावे, हे सांगणारे पान विक्रेत्याने नाकारले, तर त्याला ते लेखी नाकारावे लागेल, आणि तसे लिहून देण्यास सहसा कोणी तयार होत नाही. पत्र आधी डीलरला, आठवड्याभरात उत्तर न आल्यास विभागीय कार्यालयाला आणि त्यानंतर मूळ कंपनीला, आधीच्या पत्रांसह पाठवावे.

उत्तराची वाट पाहत असताना बंद दाराच्या शेजारची उघडी खिडकी शोधावी. अनेक सॉफ्टवेअर कोणत्या तरी सार्वजनिक व्यवस्थेवर उभी असतात आणि त्या व्यवस्थेची माहिती खुली असते. ई-इन्व्हॉइस, म्हणजे जीएसटीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल, हे याचे चांगले उदाहरण आहे. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींहून अधिक उलाढालीच्या उद्योगांना ते लागू झाले, आणि नाशिकमधील अनेक लघुउद्योगांनी ईआरपी व सरकारी पोर्टल यांना जोडणारे छोटे सॉफ्टवेअर घेतले. त्याची पुस्तिका विक्रेता देत नाही. परंतु ज्या सरकारी एपीआयशी ते बोलते, त्याचा तपशील आणि एरर कोडची यादी एनआयसी या केंद्र सरकारच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने प्रसिद्ध केलेली आहे. पडद्यावर ‘२१५०’ असा कोड आला आणि विक्रेत्याच्या संदेशात फक्त ‘सर्व्हर एरर’ असेल, तर सरकारी यादीत त्याचा अर्थ मिळतो: या बिलाचा आयआरएन (ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) आधीच तयार झालेला आहे. म्हणजे पहिली विनंती पोहोचली होती, तिचे उत्तर ईआरपीपर्यंत आले नाही आणि कारकुनाने बटण पुन्हा दाबले. अशा वेळी नवा क्रमांक देऊन दुसरे बिल काढणे चुकीचे आहे; पोर्टलवरून आधीचा आयआरएन शोधून तो ईआरपीत नोंदवावा लागतो. एवढी माहिती हाती असलेला ग्राहक सपोर्टला फोन करतो, तेव्हा संभाषण पाच मिनिटांत संपते.

मशीनच्या बाबतीत मॉडबससारख्या संवाद-प्रणालींची मानके खुली आहेत. संकेतस्थळावरून काढलेली जुनी पाने इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये कधीकधी सापडतात. मात्र कोणीतरी चढवलेल्या अनोळखी फाइलसाठ्यांतून पुस्तिका घेऊ नये. स्वामित्वहक्काचा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसऱ्या आवृत्तीच्या पुस्तिकेतील पॅरामीटर आपल्या मशीनमध्ये भरणे कामगाराच्या हातावर बेतू शकते.

याच काळात स्वतःची पुस्तिका लिहिण्यास प्रारंभ करावा. सर्व्हिस इंजिनिअर आला की आपला माणूस त्याच्या शेजारी बसवावा, त्याने उघडलेल्या पडद्यांची छायाचित्रे घ्यावीत आणि व्हिजिट रिपोर्टवर ‘समस्या सोडवली’ याऐवजी कोणता मेनू, कोणते मूल्य, आधी किती आणि नंतर किती, असे लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. सपोर्टच्या प्रत्येक टिकिटाचे (नोंदवलेल्या तक्रारीचे) उत्तर एका तक्त्यात उतरवावे: तारीख, आवृत्ती, एरर कोड, कारण, उपाय, कोणी केला. हे मराठीतच लिहावे, कारण ते रात्रपाळीच्या ऑपरेटरला वाचायचे आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(एसी) प्रमाणे, सॉफ्टवेअर कोणत्या तत्त्वांवर चालते हे समजण्यासाठी त्याच्या कार्याचे निरीक्षण, अभ्यास आणि चाचणी करण्याची मुभा आहे, आणि लगतच्या (एबी) या खंडात दुसऱ्या स्वतंत्र प्रोग्रॅमशी मेळ घालण्यासाठी आवश्यक आणि अन्यथा सहज न मिळणारी माहिती मिळवण्याचीही. परवाना-करारात याविरुद्ध अटी असू शकतात, त्यामुळे नुसत्या निरीक्षणापलीकडे जाण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा.

कायद्याचा आधार किती

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष उत्पादनाच्या दायित्वासंबंधी, हानी टाळण्यासाठी योग्य वापराच्या पुरेशा सूचना न देणे हाही उत्पादकावर जबाबदारी येण्याचा आधार मानला आहे. परंतु व्यापारी हेतूने केलेली खरेदी त्या कायद्याच्या ‘ग्राहक’ या व्याख्येत बसत नाही. स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला तेवढा अपवाद आहे. त्यामुळे एकट्याने डिझाइनचे काम करणारा व्यावसायिक ग्राहक आयोगाचा विचार करू शकतो, पन्नास कामगारांचा कारखाना सहसा नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले, पण त्याचा भर शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने यांवर आहे. ईआरपीच्या ग्राहकाने त्याच्यावर विसंबू नये.

युरोपातील नियम मात्र वाटाघाटीत उपयोगी पडतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या यंत्रसामग्री नियमानुसार, डिजिटल सूचनापुस्तिका छापता, उतरवता आणि साठवता आली पाहिजे, विशेषतः यंत्र बंद पडलेले असताना, आणि ती यंत्राच्या अपेक्षित आयुष्यभर व किमान दहा वर्षे ऑनलाइन उपलब्ध असली पाहिजे. हा नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतो. २०२४ च्या सायबर रेझिलियन्स कायद्यातही वापरकर्त्यासाठीच्या सूचना किमान दहा वर्षे उपलब्ध ठेवण्याची तरतूद आहे, आणि त्यातील मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. हे नियम नाशिकमधील खरेदीला लागू नाहीत. तरीही तेच उत्पादन युरोपात विकणाऱ्या कंपनीला, ‘तेथील ग्राहकाला जे देणार आहात ते आम्हालाही द्या’ असे पत्रात लिहिता येते, आणि त्यासाठी तिला नवे काही तयार करावे लागत नाही.

नूतनीकरणाच्या वेळी

अनेक एएमसी मार्चअखेर संपतात आणि वर्षअखेरीच्या गडबडीत त्यांचे नूतनीकरण मागच्याच मजकुरावर सही करून होते. निदान दोन महिने आधी ही फाइल हाती घ्यावी. वर्षभरातील टिकिटांचा तक्ता समोर ठेवून त्यांपैकी किती प्रश्न पुस्तिका असती तर आपल्याकडेच सुटले असते, ते मोजावे आणि तो आकडा विक्रेत्यासमोर मांडून वर दिलेले कलम नव्या करारात घालण्याची मागणी करावी. विक्रेत्याच्या विक्री विभागालाही मार्चचे उद्दिष्ट गाठायचे असते, त्यामुळे जानेवारीत नाकारलेली गोष्ट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मान्य झाल्याचे दिसते. नूतनीकरण करायचे नाही असे ठरले असेल, तर एएमसीच्या अंतिम तारखेच्या दोन आठवडे आधी चालू आवृत्तीची पुस्तिका, शेवटचे इन्स्टॉलर, लायसन्स फाइल आणि संपूर्ण डेटाची निर्यात परवानगीच्या मर्यादेत उतरवून घ्यावी, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी.